लक्षणं नाहीत म्हणजे शिसं बाधलं नाही?

पोटात कळा आल्या, हिरडीवर निळी रेघ उठली, तरच शिसं बाधलं म्हणायचं, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. ही लक्षणं बरंच शिसं अंगात गेल्यावरची. मेंदूतलं नुकसान त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

चेतापेशींच्या जोडावर एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणारी छोटी दारं, असतात. ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन येऊन चिकटलं की ते उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि दोन पेशींमधला दुवा पक्का होतो. पाढे पाठ होतात ते याच्याच जोरावर. शिसं हे दार अडवतं. शिवाय मूल वाढताना या रिसेप्टरमधला लहानपणीचा एक घटक मागे पडून दुसरा यायचा असतो, तो बदलही रेंगाळतो.

१९६० च्या दशकात अमेरिकेत डेसिलिटर रक्तामागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं चालवून घेत. २०२१ पासून मुलांमध्ये ३.५ लाच सावध करतात. तोही सुरक्षित आकडा नव्हे; तसा आकडाच सापडलेला नाही.

औषधाने शिसं काढलं की झालं, असंही ऐकवतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत सक्सिमर या शिसं काढणाऱ्या औषधाने मुलांच्या रक्तातलं शिसं उतरलं, बुद्ध्यांक मात्र वाढला नाही. त्यापेक्षा डब्यातली हळद बघा. सुटी आणि जरा जास्तच भडक पिवळी असेल, तर लेड क्रोमेटची, म्हणजे शिसं असलेल्या पिवळ्या रंगाची, शंका घ्यायला हरकत नाही.