‘द फँटम मेनस’: अबोल प्रसंगांत भारी, संवादांत लंगडा

‘स्टार वॉर्स’ मे १९७७ मध्ये अमेरिकेत लागला तेव्हा त्याच्या नावाला कुठलाही क्रमांक नव्हता. १९८० मध्ये पुढचा सिनेमा आला तो थेट ‘भाग पाचवा’ म्हणून. वर्षभराने जुना सिनेमा पुन्हा लागला, तर त्याच्या सुरुवातीच्या सरकत्या पिवळ्या मजकुरावर ‘भाग चौथा’ असं चढलेलं. मग पहिले तीन भाग कुठे आहेत? हा प्रश्न लोकांनी जवळपास दोन दशकं मनात बाळगला. या सिनेमांतला खलनायक डार्थ वेडर त्या काळ्या मुखवट्याआड कसा गेला, याची प्रत्येकाने आपापली गोष्ट रचली. १९९९ मध्ये आलेल्या ‘द फँटम मेनस’ या पूर्वकथेला टक्कर द्यायची होती ती या मनातल्या गोष्टींशी.

‘स्टार वॉर्स’चे कर्ते जॉर्ज लुकास १९८३ च्या तिसऱ्या सिनेमानंतर थांबले. त्याच वर्षी त्यांचा आणि मार्शा लुकास यांचा घटस्फोट झाला. मार्शा या पहिल्या सिनेमाच्या संकलनासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या तिघांपैकी एक. पुढे १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’ आला. त्यातले संगणकावर घडवलेले डायनासोर लुकास यांच्याच कंपनीने, ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ने केले होते. डोक्यातलं जग आता पडद्यावर उतरवता येईल, अशी त्यांची खात्री पटली आणि १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये ते लिहायला बसले.

पैसा त्यांचा स्वतःचा होता, सुमारे साडेअकरा कोटी डॉलर. खेळणी आणि इतर वस्तूंच्या विक्रीचे हक्क १९७७ च्या वेळीच स्वतःकडे राखल्यामुळे त्यांना कुठल्याही स्टुडिओपुढे हात पसरावे लागले नाहीत. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, पैसे घालणारेही तेच. शिवाय दिग्दर्शनाच्या खुर्चीत ते तब्बल २२ वर्षांनी बसत होते. १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ची पटकथा लॉरेन्स कॅसडन आणि ली ब्रॅकेट यांच्या नावावर होती, दिग्दर्शन अर्विन कर्शनर यांचं. या खेपेला तसं वाटून घेणारं कुणी नव्हतं. या सिनेमाचं बरंवाईट दोन्ही इथूनच निघतं, असं माझं मत आहे.

आधी बरं. पॉड नावाच्या वेगवान उडत्या गाड्यांच्या शर्यतीत स्टेडियमभर जी गर्दी दिसते, तिचा बराच भाग कान साफ करायच्या कापसाच्या काड्यांचा आहे. लाखो काड्या रंगवून छोट्या प्रतिकृतीतल्या जाळीत खोचल्या आणि खालून वारा सोडून हलवल्या. संगणकाचा सिनेमा म्हणून ओळखला गेलेला हा सिनेमा हातांनीही इतका घडवलेला आहे, हे कळल्यापासून ती शर्यत मला अधिकच आवडते.

शेवटचं द्वंद्व तर निव्वळ सुंदर. लाल प्रकाशाचे पडदे मध्ये येतात आणि लढाई क्षणभर अडते. जेडाय योद्धा क्वाय-गॉन गुडघ्यांवर बसून डोळे मिटतो, तर पलीकडे त्याचा शत्रू डार्थ मॉल पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घालतो. एक शब्दही न बोलता दोघांचे स्वभाव कळतात. या द्वंद्वाला जॉन विल्यम्स यांनी दिलेलं समूहगान संस्कृतात आहे. एका जुन्या केल्टिक कवितेच्या ओळी संस्कृतात उतरवून घेऊन त्यांनी त्यातले उच्चार नादासाठी हवे तसे जुळवले. मराठी कान तिथे हटकून टवकारतो. अर्थ लावायला गेलं तर सलग वाक्य हाती लागत नाही, पण अंगावर काटा येतो.

पात्रं बोलायला लागली की मात्र सिनेमा खाली बसतो. व्यापारावरचा कर, नाकेबंदी, सिनेटमधला अविश्वासाचा ठराव हा लोकशाही पोखरली जाण्याचा विषय खरं तर मोठा आहे, पण तो भाषणांतून येतो, घटनांतून फारसा नाही. ‘फोर्स’, म्हणजे जेडायना बळ देणारी अदृश्य शक्ती, ही श्रद्धेची गोष्ट होती. तिला रक्ततपासणीत मोजता येणाऱ्या मिडी-क्लोरियन नावाच्या सूक्ष्म जिवांचा आधार दिला आणि तिचं गूढ गेलं. ही चूक मला आजही खुपते.

या सिनेमाच्या निर्मितीवरच्या ‘द बिगिनिंग’ या माहितीपटात सिनेमाचा कच्चा जोड पाहिल्यानंतरचा एक प्रसंग आहे. खोलीतले चेहरे उतरलेले. शेवटी चार लढाया एकदम चालतात आणि मृत्यूवरून विनोदावर उडी फार झपाट्याने पडते, हे सगळ्यांनाच जाणवलेलं. काही ठिकाणी आपण जरा जास्तच पुढे गेलो असू, असं लुकासही म्हणतात. तोवर सगळं एकमेकांत इतकं गुंतलं होतं की मोठं काही काढून टाकणं शक्य नव्हतं.

१९ मे १९९९ ला सिनेमा लागला आणि त्या फेरीत जगभरात ९२ कोटी डॉलरच्या वर कमाई झाली. तंत्राच्या तिन्ही ऑस्कर नामांकनांत मात्र तो ‘द मेट्रिक्स’पुढे हरला. पण प्रेक्षकांच्या रागाची सगळ्यात जास्त झळ बसली ती दोन कलाकारांना. अ‍ॅनाकिन, म्हणजे पुढे डार्थ वेडर होणारा मुलगा, झालेल्या लहानग्या जेक लॉइडला शाळेत छळ सोसावा लागला, पुढे त्याने अभिनय सोडला. जार जार हा विनोदी परग्रहवासी साकारणाऱ्या अहमद बेस्ट यांनी २०१८ मध्ये सांगितलं की त्या काळात जीव देण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता. जार जारमध्ये वांशिक साचा दिसतो ही टीका गंभीर होती आणि ती व्हायलाच हवी होती. पण लिहिलेल्या पात्राचा राग ते वठवणाऱ्या माणसावर काढला गेला, हे चूकच होतं.

२०२३ मध्ये ‘द मँडलोरियन’ मालिकेत छोट्या ग्रोगूला कत्तलीतून वाचवणारा एक जेडाय दिसला. ते होते अहमद बेस्ट, या वेळी स्वतःच्या चेहऱ्याने, दोन्ही हातांत लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाच्या तलवारी, घेऊन.