रिट्रीव्हर घरी आणताय? आधी हे वाचा

लॅब्रेडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर हवा म्हणून आमच्या कुत्रा-प्रशिक्षण वर्गात चौकशीला येणारे बरेच जण जाता जाता विचारतात, "शिकारीचा निघेल ना?" १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असताना तळ्यावर बंदूक घेऊन जायचा विषयच नाही. पण कुत्र्याला कायदा कुठे ठाऊक? या जाती ब्रिटनमध्ये घडवल्या त्या मारलेला पक्षी दात न लावता मालकाच्या हातात आणून देण्यासाठी. ती ओढ आजही रक्तात आहे. तिला काम दिलं नाही, तर घरातल्या चपला आणि मोजे ते काम पुरवतात.

पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकणं नियमात बसत नाही, त्यामुळे "महिन्याभराचं आहे, आजच न्या" म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. पिल्लाची आई बघायला मागा. ती ओळखीच्या माणसाजवळ मोकळी वागते का, की गुरगुरते? आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का, हेही विचारा. या जातींमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) वंशावळीचे कागद असले तरी हे तपासायचंच. रंगावरून पिल्लू निवडू नका. वाटलं तर चुरगळलेला कागद फेकून बघा. जे धावत जाऊन तोंडात धरतं आणि तुमच्याकडे वळतं, ते आमच्या पसंतीचं.

शिकवायला लवकर सुरुवात करा, पण पाच-पाच मिनिटंच. घरातला बोळ उत्तम, कारण पिल्लाला पळून जायला दुसरी वाटच नसते. जुना मोजा चिंध्यांनी भरा, बांधा, थोड्या अंतरावर फेका. पिल्लू घेऊन आलं की ओढून घेऊ नका, आधी छातीवरून हात फिरवा. बरेच लोक इथेच घाई करतात. वस्तू हिसकावली की पिल्लू दुसऱ्या वेळी ती घेऊन पलंगाखाली जातं. मागे धावलात तर त्याच्या लेखी तो पकडापकडीचा डाव. त्याऐवजी दुसरा मोजा किंवा खाऊचा तुकडा दाखवा, "सोड" म्हणा, आणि पहिला मोजा हातात येऊ द्या. दोन-तीन फेऱ्या झाल्या की ते आणखी मागत असतानाच थांबा. चार महिन्यांनंतर दात बदलतात, हिरड्या दुखतात. तेव्हा सक्ती नको. काठी फेकणं तर कधीच नको, टोक घशात घुसतं.

"थांब" हा शब्द त्यानंतरचा. वस्तू पडलेली दिसत असूनही हुकूम मिळेपर्यंत बसून राहणं, हीच खरी परीक्षा. सुरुवातीला पट्टा धरून ठेवा.

नागपूरच्या उन्हाचं वेगळं सांगतो. मे महिन्यात खेळ पहाटेच. तळहात रस्त्यावर पाच सेकंदही टेकवता येत नसेल, तर त्याच्या पंजांनाही चटका बसतोच. केस भादरू नका, तेच कातडीला उन्हापासून वाचवतात. धाप वाढली, लाळ घट्ट झाली, पाय डगमगले, तर अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली घ्या आणि तडक डॉक्टरांकडे. पावसाळ्यात कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचिडं शोधा, त्यांच्यामुळे येणारा ताप जिवावर बेततो. लॅब्रेडॉरला भूक आवरत नाही, म्हणून सावजीचा रस्सा आणि उरलेल्या पोळ्या त्याच्या भांड्यात नकोत.

पहिल्या वर्गाला घरातले सगळे या. बाबा "ये" म्हणतात, पोरं "कम" म्हणतात आणि आजी नुसतं "अरे"; शब्द आधी ठरवू, मग कुत्र्याला शिकवू. येताना लसींचं कार्ड आणा. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या विषाणूवरची, लस पूर्ण झाल्याशिवाय पिल्लाला मैदानावर घेत नाही.