निळा बाण कुंपणापाशी थांबतो

गोव्यातल्या खाजनातली, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीतली, मानस जवळून पाहिली असेल तर तिची गंमत ठाऊक असेल. बांधात बसवलेली लाकडी दारं, ना मोटार ना पहारेकरी. सुकती म्हणजे ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडतात आणि शेतात साठलेला पाऊस नदीत जातो. भरती चढू लागली की बाहेरचं खारं पाणी तीच दारं मिटवून टाकतं. म्हणजे दिवसातले काही तास पाण्याला बाहेर वाटच नसते. तेवढ्या वेळात पडलेला पाऊस कुठेतरी थांबवून ठेवावा लागतो, आणि ती जागा म्हणजे खाजन आणि त्यामागची सखल शेतं. पावसाच्या पाण्याचे नियम गोव्यात नगरनियोजन खात्याच्या कितीतरी आधी गावकरीने, म्हणजे गावाच्या सामुदायिक संस्थेने, बनवले होते, ते असे.

आता कागदावर या. घर बांधायचं म्हणजे जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा, झोनिंग दाखला, नगर आणि ग्राम नियोजन खात्याची किंवा त्या भागातल्या नियोजन आणि विकास प्राधिकरणाची तांत्रिक मंजुरी, 1968 च्या जमीन महसूल संहितेखाली जमीन बिगरशेती करण्याची सनद, आणि शेवटी पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना. आराखडा तपासला जातो तो 2010 च्या जमीन विकास आणि इमारत बांधकाम नियमांनुसार. नगरनियोजन कायदा 1974 चा. त्याच्या 17-अ कलमाप्रमाणे डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी लागते. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल तर पर्यावरण मंजुरीही आली. फाईल जाडजूड होते. पावसाचं पाणी त्या फाईलीत बहुधा निळ्या बाणांच्या रूपात असतं, आणि ते बाण हद्दीवरच्या गटारापाशी संपतात.

बाणामागचं गणित साधं आहे. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर पाणी. एक हेक्टर जमिनीवर तासाला 50 मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळला, तर तासाभरात 5 लाख लिटर. आषाढातल्या सरीला हे काही अवघड नाही. जमीन झाडाझुडपांची असेल आणि त्यातलं 30 टक्के वाहून जातं असं धरलं, तर सेकंदाला साधारण 42 लिटर पाणी बाहेर पडेल. तिथे छपरं, काँक्रीट आणि पेव्हर आले की वाहणारा वाटा 90 टक्क्यांवर जातो: सेकंदाला 125 लिटर. पाऊस तोच, गटार तेच, पाणी तिप्पट. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावरून ते लवकर पोचतं, त्यामुळे शेजारच्या प्लॉटांचा लोंढा आणि आपला लोंढा एकाच वेळी गटारात येऊन आदळतात.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे शोषखड्डा. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, ते चालतंही. जांभा दगड सच्छिद्र, त्यात मुरलेलं पाणी पुढे पायथ्याच्या झरीत आणि विहिरींत उतरतं. सडा कापून सपाट केला की झर आटते ती यामुळेच. पण शेताला लागून असलेल्या सखल प्लॉटमध्ये जुलैत विहिरीचं पाणी हाताला लागतं. तिथला शोषखड्डा आधीच भरलेला असतो. भरलेल्या बादलीत आणखी पाणी कुठून मावणार? तिथे हवी असते साठवणीची जागा, म्हणजे पाणी काही तास धरून ठेवून हळूहळू सोडणारी टाकी किंवा तळी. सड्यावरच्या आणि शेताकाठच्या प्लॉटला एकच उपाय कागदावर दाखवला, तर माझ्या मते तो नियमाला धरून असला तरी पाण्याला धरून नसतो.

गटाराच्या मापातही एक निवड दडलेली असते. सरासरी दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या जोराच्या पावसासाठी गटार बांधलं, तर त्याहून मोठी सर आली की ते भरून वाहणारच. तो बिघाड नव्हे, ते मापच तेवढं घेतलेलं. पणजीत मळा या वस्तीत किंवा सांतिनेजच्या नाल्याकडे याला भरतीची जोड मिळते. मांडवी चढलेली असताना गटार कितीही रुंद असो, तोंडाशी पाणी अडलं की ते मागे फुगतं. आणि मागे ज्या शेतांत ते पूर्वी पसरायचं, तिथे भराव पडलेला असतो.

परवाना सर्व्हे नंबरला मिळतो, पाणी मात्र सगळ्या वाड्याचं एकत्र वाहतं. म्हणून पंचायतीत एखाद्या प्रकल्पाची फाईल पाहायला मिळाली तर मजले आणि पार्किंग नंतर मोजा. आधी जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या समोच्च रेषांचा नकाशा उघडा आणि बोट त्या निळ्या बाणावर ठेवा. बाण जिथे संपतो तिथून बोट पुढे न्या: गटार, मग रस्त्याखालची मोरी, मग व्हाळ म्हणजे ओढा, मग शेत, मग मानस. मोरीचा पाइप वरच्या गटारापेक्षा अरुंद आहे का? व्हाळावर कुणाची भिंत आली आहे का? मानशीची दारं अजून हलतात की गाळात रुतली आहेत? फाईलीतला नकाशा यातल्या पहिल्या थांब्याआधीच संपलेला असेल, तेव्हा पुढचं पाहायला छत्री घेऊन व्हाळाकाठीच जावं लागेल, शक्यतो भरतीच्या वेळी.