पहिल्या आठवड्यात उतरतं ते पाणी

कर्बोदकं कमी करून आठवडा होतो न होतो तोच काटा दोन-तीन किलो खाली येतो, आणि माणूस हरखून जातो. पण यातली चरबी थोडी, पाणीच जास्त. हे आधी माहीत असलं तर पुढची निराशा टळते.

आपलं शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं: यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी अडकलेलं असतं. साठा रिकामा होऊ लागला की ते सुटतं. शिवाय इन्सुलिन उतरल्यावर मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात, त्यामागोमाग आणखी पाणी जातं. सुरुवातीची डोकेदुखी आणि गळाठा बहुतांशी यामुळेच. एखाद्या समारंभात गोडधोड खाल्लं की दोन दिवसांत किलो-दीड किलो वजन परत येतं, तेही पाणीच. तेवढ्यावरून हाय खाऊन सगळं सोडून देणारे पाहिले की फार वाईट वाटतं.

साखर संपत आल्यावर मेंदूचं काय? त्याला रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि चरबी त्याला थेट वापरता येत नाही. मग यकृत चरबीपासून कीटोन तयार करतं आणि मेंदू त्यांच्यावर बरंचसं भागवतो. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मारावर (फिट्स येण्याच्या आजारावर) उपचार म्हणून असा आहार सुचवला होता. वजनाशी त्याचा काही संबंध नव्हता.

कीटोन दिसले म्हणजे अंगावरची चरबी घटली, असं मात्र नाही. ताटातून भरपूर तेल-तूप पोटात जात असेल तर तीच चरबी आधी जळते. वजन उतरतं ते एकूण ऊर्जा कमी गेल्याने. प्रथिनं वाढली की पोट लवकर भरतं आणि हे अनेकांना सोपं जातं, एवढंच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर एकतर कमी कर्बोदकांचा किंवा कमी चरबीचा आहार दिला. सरासरी घट अनुक्रमे ६.० आणि ५.३ किलो, संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नगण्य. दोन्ही गटांत काहींचं वजन भरपूर उतरलं, काहींचं चक्क वाढलं. साखर आणि मैदा टाळा, भाज्या खा, हे मात्र दोघांनाही सांगितलं होतं.

म्हणून माझ्या मते या आहाराची परीक्षा काट्यावर नव्हे, रक्तात करावी. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, बहुधा उतरतात. टाइप २ मधुमेहात पहिल्या सहा महिन्यांत साखर चांगली सुधारते. वर्षभरात इतर आहारांच्या तुलनेतला हा फायदा ओसरू लागतो. काहींचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटलं जाणारं, कोलेस्टेरॉल मात्र बरंच वाढतं, त्यामुळे तेही तपासायलाच हवं.

औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही सुरुवात करूच नका. मधुमेहासाठीच्या इन्सुलिनचा किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा डोस तोच राहिला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्यांचा धोका वेगळा, आणि जास्त फसवा: साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही रक्तात कीटोनचं आम्ल साचू शकतं. अशा वेळी उलट्या, पोटदुखी किंवा धाप सुरू झाली तर ग्लुकोमीटरवरच्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नका. तडक रुग्णालय गाठा आणि कोणती गोळी चालू आहे ते तिथे सांगा.