दह्यातले पाहुणे, पोटातले घरवाले

गिरगावातल्या आमच्या चाळीत रात्री नऊच्या सुमारास, दूध कोमट झालं की दारात हमखास एक वाटी यायची. "काकू, विरजण आहे का?" चमचाभर दही जायचं आणि सकाळी तिकडे पातेलंभर लागलेलं असायचं. मे महिन्यात सकाळपर्यंत आंबटढाण, जानेवारीत मात्र भांडं टॉवेलात गुंडाळून ठेवावं लागे. मुळात ते विरजण कुणाच्या घरचं, हे चाळीत कुणालाच सांगता आलं नसतं.

दही आणि दीर्घायुष्य यांची सांगड घालणाऱ्या माणसाचा मुंबईशी एक लांबचा धागा आहे. १८९६च्या प्लेगात इथे आलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. ओडेसातले त्यांचे गुरू म्हणजे इल्या मेचनिकॉफ. त्यांना १९०८चं नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. पण ते आंबट दुधाचेही मोठे पुरस्कर्ते होते. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्यातून विषं तयार होतात आणि दह्यातले जिवाणू ते थांबवतात, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः रोज आंबट दूध घेत. गेले ७१व्या वर्षी.

गंमत अशी, की दह्यातले जिवाणू पोटात वस्तीला राहत नाहीत. जठरातलं आम्ल आणि पित्त यांतून वाचलेलेही, दही बंद केलं की काही दिवसांत दिसेनासे होतात. खरे घरवाले वेगळेच. त्यांची संख्या शरीरातल्या पेशींच्या दसपट, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. २०१६मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी नीट हिशेब मांडला: जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, आपल्या पेशी ३० लाख कोटी. जिवाणूंचं सगळं मिळून वजन साधारण २०० ग्रॅम.

यातल्या बहुतेकांना हवा लागली की ते मरतात. त्यामुळे प्रयोगशाळेत ते वाढवणं कठीण, आणि विष्ठेतला डीएनए वाचता येऊ लागल्यावरच त्यांची खरी ओळख पटली. आपल्याला न पचणारा चोथा हे त्यांचं जेवण. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, गवारीची भाजी यांतला तंतुमय भाग ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं स्निग्धाम्ल तयार होतं आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची बरीचशी ऊर्जा त्यातूनच येते. चोथा मिळाला नाही, तर उंदरांवरच्या प्रयोगात हेच जिवाणू आतड्यावरचा श्लेष्माचा थर कुरतडू लागले.

मग दही फुकट का? तसंही नाही. स्टॅनफर्डमध्ये ३६ जणांवर झालेल्या २०२१च्या प्रयोगात, दह्यासारखे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या पोटातल्या जिवाणूंची विविधता वाढली. पण नवे दिसलेले बहुतेक प्रकार त्या पदार्थांतून आलेले नव्हते! पाहुणे आल्यावर घरातलेच कोपऱ्यातून बाहेर यावेत, तसं काहीसं.

परवा एका मित्राने पोटातल्या जिवाणूंच्या तपासणीचा महागडा अहवाल दाखवला. 'प्रीव्होटेला' समोर लाल बाण: प्रमाण जास्त. हा जिवाणू धान्य-कडधान्यावर पोसतो. भोपाळच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांना २०१९मध्ये तिथल्या मुख्यतः शाकाहारी, निरोगी लोकांत तोच भरपूर आढळला होता. मित्र दोन्ही वेळा भाकरी-आमटी खाणारा. त्याची तुलना नेमकी कुणाच्या पोटाशी केली होती, ते सगळा अहवाल उलटून पाहिला तरी कुठेच लिहिलेलं नव्हतं.