शालापूर्व विशेष शिक्षण (महाराष्ट्र)

वयाच्या मानाने विकासात मागे राहिलेल्या, जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना मिळणारे शिक्षण व उपचार. सरकारी कागदांत यालाच ‘शीघ्र हस्तक्षेप’ म्हणतात. पालकांच्या तोंडी मात्र एकच शब्द असतो, ‘थेरपी’. मग ती फिजिओ (शरीराच्या हालचालींची) असो, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामे करायला शिकवणारी) असो, स्पीच (बोलण्याची) असो किंवा विशेष शिक्षिकेसमोर चटईवर घालवलेला तास असो.

‘मतिमंद’ हा जुना शब्द या वयाला लावत नाहीत आणि त्यामागे केवळ सभ्यता नाही. पाच वर्षांखालील मुलाची बुद्धी मोजणाऱ्या चाचण्यांवर फारसे विसंबता येत नाही. म्हणून त्याच्या कागदावर बौद्धिक अक्षमता असे न लिहिता ‘सर्वांगीण विकास विलंब’ असे लिहितात. विलंब झालेली काही मुले पुढे बरोबरीला येतात, काही येत नाहीत, आणि तीन वर्षांच्या मुलाकडे पाहून दरवेळी ते सांगता येत नाही. ही सेवा त्या अनिश्चिततेतच द्यायची असते. निदान पक्के होईपर्यंत थांबायचे ठरवले तर हातची वर्षे निघून जातात.

विलंब प्रथम घरात दिसतो. मान धरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, धरून उभे राहणे, पाऊल टाकणे हा क्रम आजीला पाठ असतो. आईला तारखा आठवल्या नाहीत तरी ‘उष्टावणाच्या वेळी मान धरत होता का’, ‘जावळ काढलं तेव्हा आधाराशिवाय बसत होता का’ असे विचारले की नेमके उत्तर मिळते. आठ-नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणे, दीड वर्षापर्यंत न चालणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणे, हाक मारल्यावर न पाहणे ही तपासणीला नेण्याची कारणे आहेत. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचे वय मात्र दोन महिने कमी धरून मोजतात, आणि हा हिशेब दोन वर्षांपर्यंत चालतो. मोजमापासाठी डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवरून बसवलेली श्रेणी वापरतात. तीस महिन्यांपर्यंतच्या या मापनात ६७ कृती हालचालींच्या आणि १६३ आकलनाच्या आहेत.

आजीला क्रम ठाऊक असतो तसा एक दिलासाही ठाऊक असतो, ‘याचा बापही उशिराच बोलला’. क्वचित ते खरे ठरते. पण त्या वाक्यापायी कान तपासायचे राहून जातात. उशिरा बोलणाऱ्या मुलाची पहिली तपासणी जिभेची नव्हे, कानांची असते.

अशी मुले विरळ नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी झाली होती. कांग्रा, पलवल, ढेंकानाल आणि हैदराबादसोबत त्यात उत्तर गोवाही होता. दोन ते सहा वर्षांच्या गटात मेंदूविकासाशी निगडित एखादा तरी दोष असलेल्या मुलांचे प्रमाण ९.२ टक्के निघाले, म्हणजे साधारण अकरा मुलांमागे एक.

‘अंगणवाडी’ या शब्दाचे माहेर पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे अनुताई वाघ यांची साथ होती. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून शिक्षिकेनेच आदिवासी पाड्यांवरच्या अंगणात जायचे, ही त्यामागची कल्पना. विकासात मागे असलेल्या मुलांचा विचार तेव्हा वेगळा झाला नव्हता, पण घराकडे जाणारी शाळा हीच पुढे या सेवेची गरज ठरली. योगायोग असा की मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी योजनेची, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, सुरुवातही फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाली.

त्याआधीची वाट रुग्णालयांनी आणि संस्थांनी पाडली. मिठू अलूर यांच्या संस्थेने सत्तरच्या दशकाच्या आरंभी मुंबईत सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या मुलांसाठी केंद्र काढले. मुंबईतच २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र सुरू केले. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी यांच्या चमूने बारा वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही पाठपुरावा केला. त्यातली अनेक मुले वरकरणी ठीक दिसत होती, पण शाळेत वाचन आणि गणिताशी अडत होती. बाळ वाचले म्हणजे काम संपले, या समजाला त्या नोंदींनी छेद दिला.

आजची सरकारी साखळी अशी. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक गाडीने फिरते आणि अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा तपासते. पथकात आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकास विलंब अशा चार गटांतल्या तीसेक अवस्थांवर नजर ठेवायची असते. शंका आली की मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ), मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एका छताखाली असावेत, अशी योजना आहे. योजना चांगली आहे. पण केंद्र जिल्ह्याच्या गावी असते, मूल धारणीच्या किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावर असते, आणि थेरपी आठवड्यातून दोनदा सांगितलेली असते. एका खेपेला आईची एक दिवसाची मजुरी जाते. चौथ्या खेपेनंतर नाव गळते.

म्हणूनच केंद्रातल्या तासापेक्षा घरातला दिवस महत्त्वाचा. घरी जाऊन शिकवण्याची ही पद्धत जगभर ‘पोर्टेज’ नावाने ओळखली जाते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधील त्या नावाच्या गावी १९६९ मध्ये, मुले विखुरलेली आणि वाटा लांबच्या म्हणून, शिक्षिकाच आठवड्यातून एकदा घरी जाऊ लागली. ती आईला पुढच्या आठवड्याची दोन-तीन कामे दाखवून येई.

काम कसले, ते एका मोज्यावरून समजते. मोजा काढायला शिकवताना शिक्षिका शेवटापासून सुरुवात करते. टाचेवरून मोजा तिने सोडवलेला असतो, बोटांवर तेवढा लोंबत असतो, मुलाने फक्त ओढायचा. ओढला की मोजा हातात येतो आणि काम ‘त्याने’ पुरे केलेले असते. पुढच्या आठवड्यात मोजा टाचेवर ठेवायचा, मग घोट्यावर. बोलण्याचेही तसेच. चेंडू त्याच्या हातात लगेच द्यायचा नाही. आपल्या डोळ्यांजवळ धरून थांबायचे. पाच-सहा सेकंद. मूल डोळ्यांकडे पाहते, ओठ हलवते, तेव्हा ‘चेंडू’ म्हणत तो द्यायचा. हे थांबणेच पालकांना सगळ्यात अवघड जाते. साहित्य स्वयंपाकघरातच असते. मटार सोलणे, कणकेचा गोळा दाबणे, डब्यात चमचे टाकणे, पदराआड तोंड लपवून ‘भॉक’ करणे. महागडी ‘सेन्सरी किट’ विकणारे हे सांगत नाहीत. लाकडी पांगुळगाडाही चालतो, कारण मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते. आत बसवायचा प्लास्टिकचा वॉकर मात्र नको. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली.

भाषेबाबत एक चुकीचा सल्ला सर्रास मिळतो: ‘घरात एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी.’ दोन भाषा कानावर पडल्याने विलंब वाढतो असे संशोधनात आढळलेले नाही. आई अहिराणीत किंवा वारलीत मनापासून बोलते, तर मुलाशीही तिने त्याच भाषेत बोलावे. तुटक इंग्रजीत तिचे बोलणेच कमी होते आणि नेमके तेच मुलाचे औषध असते. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही हाच सल्ला लागू आहे. फरक एवढाच की तिथे अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यापासून तीन ते पाच वर्षांच्या मुलाची जबाबदारी शाळा-व्यवस्थेवर आहे आणि मूल तीन वर्षांचे झाले की सेवा तिकडे सोपवली जाते.

आपल्याकडे ही जबाबदारी नेमकी कुणाची, हाच घोळ आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात मोफत शिक्षणाला अठरा वर्षांची वरची मर्यादा होती, खालची नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अक्षमतांचे प्रकार वाढवून २१ केले, पण मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा असा बांधला आणि तोही ४० टक्के अक्षमतेच्या अटीवर. शिक्षण हक्क कायदाही सहाव्या वर्षीच सुरू होतो. सहाच्या आत तपासणी आरोग्य खात्याची, अंगणवाडी महिला व बालविकासची, प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयाचे, संस्थांचे अनुदान आणखी वेगळ्या खात्याचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली, तेव्हा सेविकेकडे ओळख पटवण्याचे आणि सामावून घेण्याचे काम रीतसर आले. सेविकेच्या हातात आधीच वजनकाटा, पोषण आहार आणि मोबाइलवरच्या नोंदी आहेत.

वैद्यकीय खर्चासाठी राष्ट्रीय न्यास या दिव्यांगांसाठीच्या केंद्रीय संस्थेच्या ‘निरामय’ विम्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत मदत मिळते आणि ओपीडीतल्या थेरपीचा काही भाग त्यात बसतो. न्यासाची ‘दिशा’ ही योजना दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेसाठी तयार करण्यासाठी सुरू झाली. दोन्ही फक्त स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहेत. नुसता भाषाविलंब असलेले मूल त्यांत येत नाही. लहान मुलाचे प्रमाणपत्र तात्पुरते असते. पाच वर्षे पूर्ण झाली की पुन्हा तपासणी होते, आणि पहिलीच्या प्रवेशाची धावपळही त्याच सुमारास येते.