फाइल-पुनर्प्राप्ती

फाइल-पुनर्प्राप्ती : संगणकाच्या साठवण-माध्यमावरून जाणूनबुजून वा चुकून पुसलेली, फॉरमॅट केल्यामुळे दिसेनाशी झालेली अथवा फाइल व्यवस्थेतील (डिस्कवर फाइली मांडण्याच्या व नोंदवण्याच्या पद्धतीतील) बिघाडामुळे उघडत नसलेली फाइल पुन्हा वाचण्याजोगी करण्याची प्रक्रिया. प्रस्तुत नोंद मुख्यत्वे घरगुती संगणकापुरती मर्यादित आहे. रिसायकल बिनमधून फाइल परत घेणे ही काटेकोर अर्थाने पुनर्प्राप्ती नव्हे. तेथे फाइल पुसलेलीच नसते, वेगळ्या नावाने दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलेली असते.

तत्त्व : डिस्कवर फाइलचा मजकूर आणि त्या मजकुराविषयीची नोंद (नाव, आकारमान, जागा) सामान्यतः निरनिराळ्या ठिकाणी असतात. फाइल डिलीट करताना कार्यप्रणाली नोंदीत बदल करते व तिने व्यापलेली जागा मोकळी ठरवते. मजकूर पुसण्याचा वेळखाऊ उद्योग ती करीत नाही. त्यामुळे त्या जागेवर नवे लेखन होईपर्यंत मजकूर शाबूत राहतो. नोंदीतला नेमका कोणता भाग नष्ट होतो, हे मात्र प्रत्येक फाइल व्यवस्थेत वेगळे असते आणि पुनर्प्राप्तीचे यशापयश बव्हंशी त्यावरच ठरते.

विलोपन-चिन्ह : एमएस-डॉसमध्ये व पुढे विंडोजमध्ये वापरल्या गेलेल्या ‘फॅट’ व्यवस्थेत फाइल पुसली की तिच्या नावातील पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा बाइट (षोडशमान पद्धतीत ई५) लिहिला जातो. हाच आकडा का निवडला गेला, याविषयी मतभिन्नता आहे. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या आधीच्या कार्यप्रणालीतही रिकाम्या वा पुसलेल्या नोंदीसाठी हेच चिन्ह होते. आयबीएमच्या ८ इंची फ्लॉपी फॉरमॅट करताना त्यांत सर्वत्र हाच बाइट भरला जाई. त्यामुळे कोरी फ्लॉपी वेगळी तयारी न करताच ‘रिकामी सूची’ म्हणून वाचता येई, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. फॅटची मूळ आखणी मार्क मॅकडॉनल्ड यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये १९७७ च्या सुमारास केली आणि टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये ८६-डॉस या एमएस-डॉसच्या पूर्वज कार्यप्रणालीसाठी ती सुधारून घेतली. पॅटरसन यांनी सीपी/एमशी सुसंगती राखण्याचा कटाक्षाने प्रयत्न केला होता, हे ध्यानात घेता चिन्ह फ्लॉपीवरून थेट न येता सीपी/एममार्गे आले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. या निवडीचा एक अनपेक्षित परिणाम जपानी संगणकांवर झाला. तेथील शिफ्ट-जेआयएस संकेतनात काही कांजी अक्षरांचा पहिला बाइट २२९ हाच असल्याने अशा अक्षराने सुरू होणारी फाइल पुसलेली समजली गेली असती. म्हणून तिच्या नोंदीत २२९ ऐवजी ५ हा बाइट लिहिण्याची सोय करावी लागली.

पहिले अक्षर नष्ट होत असल्याने जुने पुनर्प्राप्ती-प्रोग्रॅम ते अक्षर वापरकर्त्यालाच विचारीत. पीटर नॉर्टन यांच्या १९८२ मधील सॉफ्टवेअर-संचामुळे हे काम सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आले, तर १९९१ मध्ये एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीत त्यासाठीची ‘अनडिलीट’ आज्ञाच समाविष्ट झाली. फॅटमध्ये डिलीट करताना फाइलच्या तुकड्यांची साखळीही शून्यवत होते; फक्त पहिल्या तुकड्याची जागा आणि एकूण आकारमान उरते. तुकडे सलग असतील असे गृहीत धरूनच फाइल परत आणावी लागते आणि विखुरलेल्या फाइलीबाबत हे गृहीतक फसते. पेन ड्राइव्ह व कॅमेऱ्यांची कार्डे आजही बहुधा फॅटच्याच कुळातील व्यवस्था वापरतात.

विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आलेली एनटीएफएस ही फाइल व्यवस्था या बाबतीत अधिक उदार आहे. तिच्यात नोंद ‘वापरात नाही’ एवढेच दर्शवले जाते, सर्व तुकड्यांचे पत्ते मात्र त्या नोंदीची जागा दुसऱ्या फाइलला दिली जाईपर्यंत टिकून राहतात. अगदी लहान फाइलीचा मजकूर तर नोंदीतच सामावलेला असतो. याउलट लिनक्सची एक्सटी३ व्यवस्था पुसताना पत्ते शून्य करते. तेथे जर्नलमध्ये (बदलांच्या रोजनाम्यात) जुन्या नोंदीची प्रत सापडली तरच मार्ग उरतो.

चिन्हावरून शोध : नोंदच उरली नसेल तर डिस्क आरंभापासून वाचून फाइल-प्रकारांच्या खुणा शोधतात. जेपीइजी छायाचित्र २५५, २१६, २५५ या बाइटांनी सुरू होते व २५५, २१७ वर संपते. फोटोरेकसारखी मोफत साधने याच पद्धतीने चालतात. फाइली मिळाल्या तरी त्यांची मूळ नावे व फोल्डर सहसा मिळत नाहीत, आणि हजारो क्रमांकित फाइली उघडून पाहण्याचे काम शेवटी माणसालाच करावे लागते.

साध्या मजकुराच्या फाइलीस अशी आरंभखूण नसते. मराठी मजकुराबाबत मात्र एक सोय आहे. यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रचलित संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असून पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. ही जोडी दाटीने पुनःपुन्हा आढळली तर तो तुकडा देवनागरीतला आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. जुन्या वर्ड दस्तऐवजांत युनिकोड देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दोन बाइटांचे असते व त्यातील दुसरा बाइट ९ असतो. वर्डच्या नव्या डॉक्स (.docx) फाइली संकुचित स्वरूपात असल्याने त्यांत असा शोध निरुपयोगी ठरतो. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी किंवा आयएसएमच्या टंकांत तयार केलेला मजकूर सापडला तरी तो रोमन अक्षरांच्या निरर्थक ओळींसारखा दिसतो, आणि मूळ टंक लावल्यावाचून वा रूपांतर केल्यावाचून त्याची ओळख पटत नाही. असा मजकूर खराब झाला आहे असे समजून टाकून देऊ नये.

अधिलेखन : एकदा नवे लेखन झाल्यावर खालचा जुना मजकूर मिळतो काय, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाचे पीटर गटमन यांनी १९९६ मध्ये चुंबकीय बल सूक्ष्मदर्शकाच्या आधारे तशी शक्यता मांडली आणि ३५ आवर्तनांची अधिलेखन-पद्धत सुचवली. ही आवर्तने तत्कालीन निरनिराळ्या संकेतन-पद्धतींसाठी मिळून होती, कोणत्याही एका डिस्कसाठी नव्हे, असे स्वतः गटमन यांनीच पुढे स्पष्ट केले. तरीही ३५ हा आकडा रूढ झाला. आधुनिक हार्ड डिस्कवर एकच अधिलेखन व्यवहारतः पुरेसे आहे, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनातही स्वीकारलेले मत आज ग्राह्य मानण्यास हरकत नाही. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट करताना संपूर्ण विभागात शून्ये लिहिली जातात, त्यामुळे त्यानंतर काही मिळण्याची आशा उरत नाही; जलद फॉरमॅटची गोष्ट वेगळी.

एसएसडी : आतापर्यंतचे विवेचन चुंबकीय डिस्कला पूर्णपणे लागू पडते. एसएसडीमध्ये (फिरती तबकडी नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक चिपांवर साठवण करणाऱ्या ड्राइव्हमध्ये) पुसलेली जागा कोणती, हे कार्यप्रणाली ‘ट्रिम’ आज्ञेने ड्राइव्हला कळवते (विंडोजमध्ये २००९ च्या सातव्या आवृत्तीपासून) आणि ड्राइव्ह ती जागा आपल्या सवडीने खरोखरच रिकामी करतो. ट्रिम झालेली जागा वाचू गेल्यास बहुतेक ड्राइव्ह केवळ शून्ये परत करतात. ऑस्ट्रेलियातील मर्डॉक विद्यापीठात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जलद फॉरमॅटनंतर काही मिनिटांतच एसएसडीवरील जवळजवळ सर्व मजकूर नाहीसा झाल्याचे दिसून आले. येथे ‘लेखन थांबवा’ हा नेहमीचा सल्ला अपुरा पडतो, कारण साफसफाई ड्राइव्ह स्वतःच करतो. वीज तोडणे एवढाच तातडीचा उपाय राहतो, तोही बेभरवशाचा.

कार्यपद्धती : फाइल हरवल्याचे लक्षात येताच त्या डिस्कचा वापर थांबवावा, पुनर्प्राप्तीचे सॉफ्टवेअर तिच्यावर उतरवू नये आणि परत मिळालेल्या फाइली दुसऱ्याच माध्यमावर साठवाव्यात. हरवलेली फाइल कार्यप्रणालीच्याच विभागात असेल तर संगणक चालू ठेवणेही घातक ठरते, कारण ब्राउझर व अद्यतने तेथे सतत लिहीत असतात. खराब सेक्टर असलेल्या डिस्कची आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने पूर्ण प्रत काढून पुढचे काम त्या प्रतीवर करणे इष्ट. हार्ड डिस्कमधून ठराविक अंतराने टक-टक आवाज येत असल्यास बिघाड यांत्रिक असतो आणि कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही. अशी डिस्क घरी उघडू नये. बिटलॉकरसारख्या कूटलेखनाखाली असलेल्या डिस्कवर वरील सर्व पद्धती किल्ली हाती असेल तरच लागू पडतात.